खालच्या दोन ओळी

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास रशीदभाई आपल्या दुकानातल्या तव्यामागे खाली बसले आणि त्यांना उठता आले नाही. वय अठ्ठावन्न. ते पडले नाहीत, ओरडले नाहीत. पाय उचलत नाहीत, एवढेच त्यांनी पत्नीला सांगितले. रिक्षातून इस्पितळात नेले तेव्हा नाडीचे ठोके मिनिटाला छत्तीस होते. गोष्ट पंचवीसएक वर्षांपूर्वीची, पुण्याच्या कॅम्पातली.

त्या जानेवारीची आठवण दर जानेवारीत येते आणि ती आणून देण्याचे काम वर्तमानपत्रे करतात. डिसेंबरभर पुरवण्यांमध्ये केक असतात, हुरडा असतो, तुपात परतलेले काहीतरी असते. एक तारीख उलटली की सूर बदलतो. तळलेले भाजलेले होते, साखरेचा गूळ होतो, सायीचे ताक होते. मंडईबाहेर हरभऱ्याच्या जुड्यांचे ढीग लागतात, टेकडीवर माकडटोप्या वाढतात. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत जिन्याने चढणारे पंधरा दिवस दिसतात, मग लिफ्ट पूर्ववत भरून जाऊ लागते. हा हलक्या पाककृतींचा हंगाम मी बावीस वर्षे आतून पाहिला. एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीचा मी उपसंपादक होतो. दुसऱ्याचे लिहिलेले तपासायचे, त्याला मथळा द्यायचा आणि ते नेमून दिलेल्या जागेत बसवायचे, हे काम.

आमच्या कचेरीसमोरच्या गल्लीत रशीदभाईंचे दुकान होते. सहा बाकडी, एक तवा, एक कढई. पाटीवर बरेच काही लिहिलेले असे, पण लोक एकाच गोष्टीसाठी येत. सुरमईचे काटे काढलेले जाड तुकडे आले-लसूण, लिंबू आणि मिरचीपूड लावून सकाळीच मुरत ठेवलेले असत. गिऱ्हाईक आले की तुकडा अंड्यात बुडे, ब्रेडच्या चुऱ्यात लोळे आणि कढईत जाई. तेलाचा आवाज आधी मोठा, मग बारीक होत जाई. तो बारीक झाला की रशीदभाई न बघता झारा घालत. शेजारच्या बेकरीतून आलेल्या पावाचे बोटभर जाडीचे काप लोण्यात शेकलेले, आत अंड्याचा बलक आणि तेल हाताने घोटून केलेले मेयोनीज, पुदिन्याची चटणी, कांद्याच्या चकत्या. वर दुसरा काप ठेवून ते तळहाताने एकदाच दाबत. थंडीच्या सकाळी दोन्ही हातांत धरायला ते बरे वाटे. कागद आमचाच असे, कालचा. मथळ्यांवर तेल पसरत जाई आणि खाता खाता आपणच तपासलेली बातमी पारदर्शक झालेली दिसे.

रशीदभाईंचे घराणे चार पिढ्यांपासून कॅम्पात. बोलणे तिरके. एकदा आमच्या एका वार्ताहराने सँडविचमध्ये काटा निघाल्याची तक्रार केली, तेव्हा त्यांनी काटा हातात घेऊन उजेडात पाहिला आणि मासा असल्याचा पुरावा मिळाला की, असे म्हणाले.

त्या वर्षी नव्या वर्षाच्या पुरवणीसाठी एक कल्पना निघाली. पुण्यात लोक आवडीने बाहेर खातात असा एखादा पदार्थ घ्यायचा आणि आमच्या आहारतज्ज्ञ वसुधाताईंनी तो घरी करण्याजोगा, हलका करून द्यायचा. वसुधाताई सदाशिव पेठेत राहत, दवाखान्यात सल्ला देत आणि आमच्याकडे दर रविवारी अर्धा स्तंभ लिहीत. मजकूर वेळेवर, अक्षर मोत्यासारखे. पदार्थ कोणता, यावर डेस्कवर मतभेद झालाच नाही. समोरून वास येतच होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वसुधाताई रशीदभाईंच्या दुकानात आल्या. मीही होतो. त्यांनी पिशवीतून नॉनस्टिकचा तवा, ब्राउन ब्रेड, फडक्यात टांगून ठेवलेल्या दह्याचा चक्का आणि मिठाचे एक लहान पाकीट काढले. रशीदभाईंनी हे सगळे पोलिसांनी मुद्देमाल मांडावा तसे निरखून पाहिले. मग दोन तास दोघांची घासाघीस चालली. अंड्यातला बलक गेला, पांढरा भाग राहिला. ब्रेडच्या चुऱ्याऐवजी बारीक रव्याचा हात फिरला. कढईऐवजी तव्यावर चमचाभर तेल, वर झाकण.

"ताई, हे तळणं नाही," रशीदभाई म्हणाले. "हा माशाला शेक देण्याचा प्रकार आहे. सर्दी झालीय का त्याला?"

"माशाचं जे व्हायचं ते झालंय, रशीदभाई. आता आपलं बघू."

रशीदभाईंच्या पत्नी, मुमताजभाभी, आत कांदा चिरत होत्या. त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. थांबण्याचे कारण मला नंतर समजले. रशीदभाईंना आठ वर्षांपासून मधुमेह होता, रक्तदाब होता आणि मूत्रपिंडे थकू लागल्याचे डॉक्टरांनी त्या दिवाळीत सांगितले होते. गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून गोळ्या ब्रेडच्या चुऱ्याच्या डब्यामागे ठेवलेल्या असत. मासे तळणाराच आजारी निघाला तर मासे कोण खाणार, हा त्यांचा हिशेब. वसुधाताईंना यातले काही माहीत नव्हते. मलाही नव्हते.

सँडविच तयार झाले. मेयोनीजच्या जागी चक्का, त्यात मोहरीची पूड आणि मिरे. कांद्याबरोबर काकडी आणि बारीक कोबी. पाव कोरडाच शेकलेला. मीठ त्या लहान पाकिटातले, कमी सोडियमचे. मी खाल्ले. रवा दाताखाली कुरकुरत होता, मासा आत ओलसर राहिला होता, मोहरी नाकात जात होती. जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडवटपणा रेंगाळला. तो मोहरीचा असावा, असे मी धरून चाललो. रशीदभाईंनी अर्धे खाल्ले आणि म्हणाले की चांगले आहे, फक्त ते आपले आहे असे कुणाला सांगू नका. पण पाककृतीबरोबर त्यांचे नाव आणि दुकानाचा पत्ता छापायचे ठरले, तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही.

आता थोडे कामाच्या पद्धतीविषयी. बातमी लिहिताना महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे नंतर, असे शिकवले जाते. याचे एक कारण वाचक, आणि दुसरे कात्री. जागा कमी पडली की मजकूर खालून कापायचा. तळाशी जे आहे ते गेले तरी चालेल असेच, हे गृहीत. पहिल्या वर्षी हे शिकताना त्रास होतो. पाचव्या वर्षी हात आपोआप तिकडे जातो. पुढे पुढे कापलेले वाचण्याची गरजही वाटत नाही. पाककृती या पद्धतीने लिहिलेली नसते. तिच्यात सुरुवातीला साहित्य असते, मग कृती, आणि जे सर्वांत जपून लक्षात ठेवायचे ते लिहिणारा शेवटी लिहितो, कारण वाचणाऱ्याच्या मनात ते शेवटी राहावे. हा फरक मला माहीत होता. कुणी विचारले असते तर मी तो सांगितलाही असता.

तेव्हा आमच्याकडे पाने हाताने चिकटवत. टाइप केलेल्या मजकुराच्या चकचकीत लांब पट्ट्या निघत, आणि पेस्टर त्या ब्लेडने कापून मोठ्या कागदावर बसवी. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता पुरवणीचे पान जवळजवळ पुरे झाले होते. तेवढ्यात जाहिरात विभागातून एका योगवर्गाची जाहिरात आली. ती आधी कळवल्यापेक्षा बोटभर उंच होती. पेस्टरने पट्टी धरली आणि माझ्याकडे पाहिले.

"किती?"

"दोन ओळी."

"कुठून?"

"खालून."

ब्लेड फिरले. दोन ओळींचा तो कपटा टेबलाच्या कडेला गेला, तिथून खाली. मी तो वाचला होता की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. मूळ मजकूर मी शुक्रवारी तपासला होता, त्या अर्थी वाचलेला असणार. पण तपासणे आणि वाचणे यांत अंतर असते.

रविवारी पान छापून आले. मथळा मी दिला होता: फिश सँडविच, पण हलके. रशीदभाईंनी अंकाच्या पाच प्रती घेतल्या. एक कापून दुकानात चौकटीत लावली. गिऱ्हाइके ती वाचत आणि तळलेलेच मागत. कुणी हलके मागितलेच तर रशीदभाई पेपरातल्याप्रमाणे घरी करून खा असे सांगत. माझ्या हातून पाप होणार नाही, असेही म्हणत.

दुसरे कात्रण मुमताजभाभींनी घरी नेले. दुकानाच्या मागेच दोन खोल्या होत्या. ओट्यावरच्या फरशीला त्यांनी ते कणकेने चिकटवले. नवऱ्याने काय खाऊ नये याच्या याद्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. काय खावे, आणि तेही त्याच्या आवडीचे, हे लिहिलेला हा पहिलाच कागद होता. शिवाय पेपरात छापून आलेला, शिवाय नवऱ्याच्या नावाचा. सोमवारपासून रशीदभाईंना सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे हलके सँडविच मिळू लागले. भाभींनी ते शब्दन् शब्द पाळून केले. मीठ लिहिल्याप्रमाणेच आणले आणि मग दोन प्रकारची मिठे कशाला, म्हणून घरातल्या सगळ्या स्वयंपाकात तेच घालायला सुरुवात केली. ते कमी खारट लागे, म्हणून जरा जास्त घालावे लागे. तेल गेले, लोणी गेले. आता तब्येत सुधारणार, असा त्यांचा विश्वास होता. रशीदभाईंचे वजनही थोडे उतरले. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना तसे म्हणालोसुद्धा.

त्या दिवसांतले बाकी सगळे नेहमीसारखे आठवते. सकाळी गल्लीत धुके, सायकलींच्या घंट्या आधी आणि सायकली नंतर. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो, तर रशीदभाईंनी वडी हातात घेऊन, याची हलकी आवृत्ती आली की द्या, असे म्हटले आणि भाभींची नजर चुकवून खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात ते झारा डाव्या हातात घेऊ लागले. उजवा जड वाटतो म्हणाले. थंडीने असेल, असे मी म्हणालो. या वाक्यांना तेव्हा काही अर्थ नव्हता.

इस्पितळात मी त्या शुक्रवारी साडेदहाला पोहोचलो. त्यांना रिक्षात घालताना कचेरीतून दिसले होते, म्हणून गेलो. अजून बाकी काहीच माहीत नव्हते. रक्ताचा अहवाल अकराला आला. त्यात पोटॅशियम फार वाढलेले होते. डॉक्टर तरुण होते, बोलणे शांत. त्यांनी भाभींना औषधे विचारली, फळे विचारली, शहाळे देता का विचारले. मग मीठ विचारले. भाभींनी शेजारच्या मुलीला घरी पाठवून पाकीट मागवले आणि आपण काही मनाने केलेले नाही हे दाखवण्यासाठी फरशीवरचे कात्रणही सोडवून आणायला सांगितले. कणकेचा पोपडा मागे लागलेलाच होता.

डॉक्टरांनी आधी पाकीट वाचले. सोडियम कमी करायचे म्हणून अशा मिठात पोटॅशियम घालतात, असे त्यांनी सांगितले. निरोगी माणसाची मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकतात. ती थकलेली असली आणि रशीदभाई घेत तशी रक्तदाबाची गोळी चालू असली, तर ते रक्तात साठत जाते. साठले की स्नायू साथ सोडतात, शेवटी हृदयही. मग त्यांनी कात्रण वाचले, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची.

"यात सावध करणारं काहीच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "पेपरवाल्यांनी एवढं तरी लिहायला हवं होतं."

भाभींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांना माहीत नव्हते. मला त्या क्षणी ठाऊक झाले. कात्रणाची शेवटची ओळ पूर्ण होती, विराम जागेवर होता, खाली योगवर्गाच्या जाहिरातीची कड दिसत होती. मी कचेरीत परत आलो. तपासलेल्या मजकुरांचा गठ्ठा महिनाभर ठेवण्याची पद्धत होती. वसुधाताईंची तीन पाने सापडली. तिसऱ्या पानाच्या तळाशी, त्याच मोत्यासारख्या अक्षरात: मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

शब्द तेरा. छापून दोन ओळी होतात.

वसुधाताईंना मी फोन केला. त्या अर्ध्या तासात रिक्षाने आल्या. उभ्याच राहिल्या.

"मी लिहिलं होतं."

"हो."

"मग?"

"जागा नव्हती."

"दोन ओळींची?"

"दोन ओळींची."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या दुपारी दुकानात त्यांना तोंडी सांगता आले असते, असे त्या जरा वेळाने म्हणाल्या. लिहिणारच आहोत, म्हणून सांगितले नाही. दोघेही समोरच्या बंद दुकानाकडे पाहत बसलो. कढई उपडी घातलेली होती.

रशीदभाई वाचले. इंजेक्शने, सलाइन, तीन दिवस अतिदक्षता विभाग. मग साध्या खाटेवर. चौथ्या दिवशी मी जाऊन त्यांना सगळे सांगितले. भाभी उशाशी होत्या, त्यांनीही ऐकले. सांगायला चार मिनिटे लागली.

"म्हणजे साहेब," ते म्हणाले, "तेल काढलंत, लोणी काढलंत, बलक काढलात. आणि सगळं काढून झाल्यावर हात रिकामा राहू नये म्हणून ती ओळपण काढलीत."

भाभी रडत होत्या. गेले चार दिवस त्या स्वतःच्या हाताने नवऱ्याला विष घातले असे म्हणत होत्या, आणि नातेवाइकांपैकी कुणीही ते खोडून काढले नव्हते. रशीदभाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"माझं समजलं. माझ्याजवळ डॉक्टर होता, पाकीट होतं, कागद होता. तुमचा पेपर गावभर जातो. बाकीच्यांचं काय?"

हा प्रश्न मला तोवर पडलेला नव्हता, असे लिहिणे खोटे ठरेल. पडला होता, आणि मी तो पुढे ढकलत होतो. संपादकांनी सगळे ऐकून घेतले. चूक कबूल केल्यासारखे होईल, असे ते म्हणाले. झालेली आहे, असे मी म्हणालो. पुढच्या पाककृतीत एक सूचना म्हणून घालता येईल का, असे त्यांनी सुचवले; वसुधाताईंनी पुढची पाककृती द्यायला नकार कळवला होता. शेवटी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, त्याच पानावर, शुद्धिपत्र आले. जाड टाइपात, चौकटीत, सबंध वाक्य. वर एक ओळ होती: पाककृतीतील हे वाक्य संपादनात वगळले गेले. कोणी वगळले ते लिहिलेले नव्हते. तशी पद्धत नसते.

त्यानंतर आजवर मी कोणतीही पाककृती खालून वर वाचतो. किराणा दुकानात मिठाच्या फळीपुढे उभा राहून पाकिटांची मागची बाजू वाचतो. अलीकडे चष्मा कपाळावर घेऊन. आता त्यांच्यावर इशारा छापलेला असतो, बारीक अक्षरात, तळाशी. रशीदभाई फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानात परतले आणि त्यानंतर नऊ वर्षे तव्यामागे उभे राहिले. घरी साधे मीठ आले, मोजून. भिंतीवरची चौकट त्यांनी काढली नाही. तिच्या काचेवर, खालच्या कडेला, शुद्धिपत्राचे कात्रण चिकटवले.

शुद्धिपत्र आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, डेस्कवर पाच फोन आले. एकाला मूळ तळलेल्या सँडविचची कृती हवी होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चौकटीत पूर्णविराम द्यायचा राहून गेल्याचे कळवले. दोघांनी ते मीठ वापरत होतो, आता बंद केले, असे सांगितले. दोघांच्याही घरी सगळे ठीक होते. पाचवा फोन अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आला. बाईंचा आवाज तिशीतला. विश्रांतवाडीहून बोलतेय, असे सांगून त्यांनी विचारले, की काल छापलेले वाक्य आधीच्या अंकात नव्हतेच का.

"नव्हतं," मी म्हणालो.

"नक्की? बारीक अक्षरात, बाजूला, कुठेच?"

"कुठेच नव्हतं."

आमच्याकडे मासे खात नाहीत, असे त्या म्हणाल्या. त्यांनी पनीर घातले होते. बाकी सगळे पेपरातल्याप्रमाणे, मीठसुद्धा. सासूबाईंना मूत्रपिंडाचा त्रास होता, तळलेले बंद होते, त्यांना ते आवडले म्हणून रोज करत होत्या.

"घरात सगळे म्हणतात, असं काही असेल तर पेपरात लिहिलेलं असणारच, तूच नीट वाचलं नसशील. तो अंक रद्दीत गेला. मला दाखवता येईना."

मी सासूबाईंची प्रकृती विचारली.

"सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी गेल्या. म्हणजे मी नीट वाचलं होतं."

दोन्ही अंकांची एकेक प्रत मिळेल का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, पत्ता द्या, टपालाने पाठवतो म्हणालो. पत्ता नको, मी येऊन नेईन, असे सांगून त्यांनी फोन ठेवला. नाव विचारायचे राहिले. आमच्या त्या भागातल्या वार्ताहराने दोन दिवस चौकशी केली, घर सापडले नाही. मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नाही.

दोन्ही अंक पाकिटात घालून खाली काउंटरवर ठेवले होते. बुधवारी दुपारी सव्वाचार वाजता एक बाई ते घेऊन गेल्या. काउंटरच्या वहीत सही आहे. अक्षर लागत नाही.